‘कोचिंगचा अनुभव: आठ वर्षे’ – इंटरनॅशनल स्कूलला अर्ज करण्याआधी

ओळखीच्या एका मुलाने मला त्याचा सीव्ही पाहायला पाठवला. फिजिक्सचा शिक्षक, पुण्यात जेईईच्या क्लासला शिकवलेला, डोकं एकदम तल्लख. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ओळ होती, ‘कोचिंगचा अनुभव: आठ वर्षे’. त्या जोरावर क्वालालंपूरच्या एका शाळेची ऑनलाइन मुलाखतही पदरात पडली. समोरच्या बाईंनी हसत हसत विचारलं, “छान! कुठला खेळ?” हा म्हणाला, “जेईई मेन आणि अ‍ॅडव्हान्स्ड.” पुढची दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी सभ्यपणे रेटली गेली, एवढंच.

आपल्याकडे कोचिंग म्हणजे क्लास. इंटरनॅशनल स्कूलच्या भाषेत कोचिंग म्हणजे शाळा सुटल्यावर गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर किंवा जिममध्ये उभं राहणं. संघ निवडणं, सराव घेणं, शनिवारी मॅचला नेणं आणि वर्षातून एकदा वीस पोरांना घेऊन विमानात बसणं. जाहिरातीत ‘कोचिंगचा अनुभव असल्यास प्राधान्य’ असं लिहिलेलं असतं ते हे.

मी गणिताची शिक्षिका, मूळची सांगलीची. शाळेत खो-खो खेळले, कॉलेजात व्हॉलिबॉल. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, मग आखातात गेले आणि आता आग्नेय आशियात आहे. गेली काही वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसते, म्हणून हे लिहायचं धाडस करतेय. एक गोष्ट आधीच सांगते. कोचिंगमुळे नोकरी मिळत नाही, नोकरी विषयामुळे मिळते. पण विषयात दोघं तोडीस तोड असतील तर शेवटी एकाचं नाव पुढे सरकतं, ते पुष्कळदा या एका ओळीमुळे.

पायरी १: शाळेला याची गरज का पडते?

आधी हिशेब करा. अमेरिकन पद्धतीच्या बहुतेक शाळांत खेळांचं वर्ष तीन सीझनमध्ये वाटलेलं असतं. एका सीझनला तीन खेळ धरले, प्रत्येकात मुलांचा आणि मुलींचा वेगळा संघ, त्यात पुन्हा वरचा आणि खालचा, तर झाले बारा संघ. प्रत्येकाला एक मुख्य आणि एक सहायक प्रशिक्षक लागतो, म्हणजे चोवीस माणसं. मिडल स्कूलचे संघ यात धरलेलेच नाहीत. पीईच्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या, विभागात माणसं असतात पाच-सहा. उरलेली येणार कुठून? गणित, केमिस्ट्री, इंग्रजी आणि लायब्ररीतूनच!

हे सगळं उगाच हौस म्हणून चालत नाही. शाळांच्या आपापसात स्पर्धा भरवणाऱ्या संघटना आहेत आणि त्यांची वर्षभराची ठरलेली वेळापत्रकं आहेत. आग्नेय आशियातली आयएएसएएस ही त्यातली बडी. सिंगापूर अमेरिकन स्कूल, इंटरनॅशनल स्कूल बँकॉक, इंटरनॅशनल स्कूल मनिला, जकार्ता इंटरकल्चरल स्कूल, इंटरनॅशनल स्कूल ऑफ क्वालालंपूर आणि तैपेई अमेरिकन स्कूल अशा तिच्या सहा शाळा. व्हॉलिबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल, पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, बॅडमिंटन असा सगळा पसारा. आपल्या बाजूला दक्षिण आशियात एसएआयएसए आहे. कोलंबो, काठमांडू, ढाका, चेन्नई इथल्या शाळा त्यात खेळतात. अशा शाळेत व्हॉलिबॉलचा प्रशिक्षक जूनमध्ये सोडून गेला की मुख्याध्यापकांच्या डोक्यात एक रिकामी खुर्ची नसते, दोन असतात. एक गणिताची, एक व्हॉलिबॉलची. दोन्ही भरणारं एकच माणूस मिळालं तर त्यांना हवंच असतं.

आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे अकरावी-बारावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) डिप्लोमाला सीएएस, म्हणजे सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा, हा सक्तीचा भाग आहे. ब्रिटिश पद्धतीच्या शाळांत दुपारनंतरचे उपक्रम असतात. तिथेही शिक्षकाने आठवड्याला एक-दोन उपक्रम घ्यावेत हे गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे खेळाशी तुमचा काडीचा संबंध नसला तरी घाबरू नका. वादविवाद, मॉडेल युनायटेड नेशन्स (संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटीची सभा), रोबोटिक्स, नाटक हेही याच रकान्यात मोजलं जातं. पण संघ घेऊन परगावी जाणारी माणसं कायम कमी पडतात. म्हणून खेळाचं पारडं थोडं जड.

पायरी २: शाळा कुठल्या जातीची आहे ते ओळखा

चार हजार मुलांच्या शाळेत स्वतंत्र अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे खेळांचा प्रमुख, असतो आणि बाहेरून येणारे पगारी प्रशिक्षकही असतात. तिथे तुमचं कोचिंग म्हणजे असलं तर बरं, एवढंच. तीनशे मुलांच्या शाळेत मात्र गणिताच्या बाईंनी फुटबॉल घेतला नाही तर फुटबॉलच होत नाही. तिथे ही ओळ सोन्याची. निवासी शाळांचंही असंच. मसुरीची वूडस्टॉक (१८५४), कोडाईकॅनल इंटरनॅशनल (१९०१) किंवा आपल्या मुळशीजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज (१९९७) यांसारख्या ठिकाणी शिक्षक कॅम्पसवरच राहतात. संध्याकाळ, शनिवार आणि रविवार मुलांसोबतच जातात. तिथे निवड करताना माणूस तासाबाहेर काय करतो हे बघणं ओघानंच येतं.

मुंबई-पुण्यातल्या नव्या ‘इंटरनॅशनल’ पाटीच्या बऱ्याच शाळांत खेळ बाहेरच्या अकादमीला कंत्राटाने दिलेले असतात. तिथे या अनुभवाला फारसा भाव नाही. अर्ज करण्याआधी शाळेच्या वेबसाइटवर खेळांचं पान उघडा. प्रशिक्षकांच्या यादीत शाळेतल्याच शिक्षकांची नावं दिसली तर समजा, इथे विचारतात.

पायरी ३: तुमच्याकडे काय आहे ते कागदावर मांडा

मराठी शिक्षक इथे फार मार खातात. दहा वर्षं मुलांना डीएसओच्या (जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या) स्पर्धांना नेलेलं असतं. तालुका, जिल्हा, विभाग, एकदा राज्य. एसटीच्या पाससाठी अर्ज केलेत, डबे मोजलेत, वयाचे दाखले गोळा केलेत, एखाद्या पोरीचा पाय मुरगळला तेव्हा रात्री अकराला तिच्या आईला फोन केलाय. पण सीव्हीत काय? ‘खेळाची आवड.’ बस्स.

एक तास काढा आणि लिहा: कुठला खेळ, कुठला वयोगट, मुलं की मुली, किती वर्षं, आठवड्याला किती सराव, तुम्ही मुख्य होता की पीटीच्या सरांना मदत करत होता, संघ कुठवर गेला. मुक्कामी दौरे किती केले ते वेगळं मांडा. तो आकडा फार कामाचा आहे.

तुम्ही स्वतः खेळलेलं आणि तुम्ही शिकवलेलं यांची गल्लत करू नका. विद्यापीठाच्या संघातून खेळणं चांगलंच, पण त्याला कोचिंग म्हणत नाहीत. दोन्ही वेगळ्या ओळींत लिहा.

आणि आपले खेळ? कबड्डी, खो-खो, मल्लखांब लिहावेत का? लिहा, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपली प्रियांका इंगळे महिला संघाची कर्णधार होती आणि भारत जिंकला. मला भरून आलं. तरी जकार्ता-मनिलाच्या वेळापत्रकात खो-खोचा रकाना नाही तो नाहीच. क्रिकेटचंही थोडंफार तसंच. आखातातल्या आणि दक्षिण आशियातल्या ब्रिटिश शाळांत चालतं, पूर्व आशियातल्या अमेरिकन शाळांत फारसं कुणी विचारत नाही. व्हॉलिबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल, पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, बॅडमिंटन, यातलं एक तरी हाताशी ठेवा. खो-खोने पायांत आणलेला वेग मला व्हॉलिबॉलचा बचाव शिकवताना उपयोगी पडला, तो भाग वेगळा.

पायरी ४: एखादा दाखला मिळवा, दहा नकोत

स्वस्तातून सुरुवात करा. बॅडमिंटनच्या जागतिक महासंघाचा ‘शटल टाइम’ हा शाळांतल्या शिक्षकांसाठीच आखलेला कोर्स आहे. तो ऑनलाइन आणि फुकट करता येतो. फुटबॉलला एआयएफएफचा (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा) डी लायसन्स ही ओळखीची पहिली पायरी. पतियाळाच्या एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आपल्याकडे मानाचा. पण परदेशातल्या शाळेला एनआयएस म्हणजे काय ते ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा ‘भारत सरकारची राष्ट्रीय क्रीडा संस्था’ असं अर्ध्या ओळीत फोडून लिहा.

या सगळ्याहून आधी प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा तातडीचा उपचार) यांचा कोर्स करून घ्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, ते अर्जाच्या वेळी संपलेलं नको. मुलाखतीच्या आमच्या बाजूने सांगते, पाच खेळांची पाच प्रमाणपत्रं जोडलेला माणूस पाहिला की हा नक्की काय घेणार असा प्रश्न पडतो. एक खेळ, एक दाखला आणि चालू असलेलं सीपीआर, एवढं पुरे.

पायरी ५: सीव्हीतली ओळ

सीव्ही इंग्रजीतच जाणार. इथे आशय कळावा म्हणून मराठीत देते.

आधीची ओळ: ‘खेळाची आवड. कोचिंगचा अनुभव सहा वर्षे.’

नंतरची: ‘मुख्य प्रशिक्षक, व्हॉलिबॉल, १७ वर्षांखालील मुली, २०१४ ते २०१९. १४ खेळाडू, आठवड्याला ३ सराव. जिल्हा स्पर्धेत दोनदा उपांत्य फेरी. ४ मुक्कामी दौऱ्यांची जबाबदारी.’

दुसरीत एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला माणूस दिसतो. हा भाग अध्यापनाच्या अनुभवाच्या खाली ठेवा, वर नाही. गणिताच्या जागेसाठी अर्ज करताना व्हॉलिबॉलने सुरुवात केलीत तर विभागप्रमुख तिथेच नाराज होतो.

आणि क्लासचा अनुभव असेल तर ‘कोचिंग’ हा शब्दच टाळा. ‘प्रवेश परीक्षांसाठी अध्यापन’ असं लिहा. खरं सांगायचं तर त्या अनुभवाची किंमत या शाळांत कमीच धरतात. वर्गात दीडशे मुलं, समोर फळा, चर्चा शून्य, अशी त्यांची समजूत असते. ती तुमच्याबाबत चुकीची असेल तर तुम्ही वर्ग कसा चालवता हे उदाहरणाने दाखवावं लागेल.

पायरी ६: वेळापत्रक

शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, पण भरती सुरू होते आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. आहेत त्या शिक्षकांना पुढच्या वर्षी राहणार की जाणार ते हिवाळ्याच्या सुट्टीआधी सांगावं लागतं. त्यानंतर जागा भराभर निघतात. सर्च असोसिएट्स, आयएसएस, टीआयई, टीईएस ही शिक्षक-भरतीची नेहमीची ऑनलाइन ठिकाणं. जानेवारीत बँकॉकला भरती मेळा भरतो. आता बरंचसं त्याआधीच ऑनलाइन उरकतं. मे महिन्यात रिझल्ट लावून मग बघू म्हणणाऱ्याच्या हाती उरलंसुरलं लागतं. मात्र मे-जूनमध्ये अचानक निघालेल्या जागांत कधी कधी कोचिंगवाल्याची चांदी होते, कारण तेव्हा शाळा खरंच अडलेली असते.

प्रोफाइल भरताना कुठले उपक्रम घेऊ शकाल असा रकाना असतो. दिसेल त्या चौकटीत टिक करू नका. का, ते पुढे सांगते.

शिफारस देणाऱ्यांत एक जण असा हवा ज्याने तुम्हाला मैदानावर पाहिलंय. आपले मुख्याध्यापक ‘प्रामाणिक व कष्टाळू’ असं लिहून सही करतात. त्यांना आधी भेटा आणि दौऱ्याचा एखादा प्रसंग आठवून द्या, म्हणजे ते तो लिहितील. बहुतेक शिफारसपत्रं गोपनीय असतात, तुम्हाला ती दिसत नाहीत. म्हणून बोलणं आधी झालेलं बरं.

पायरी ७: मुलाखत

माझी पहिली परदेशी मुलाखत. मी उत्साहात सांगून बसले होते, “व्हॉलिबॉल, बास्केटबॉल, अ‍ॅथलेटिक्स, काहीही घेईन.” समोर मुख्याध्यापकांशेजारी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर होता. त्याने शांतपणे विचारलं, “बास्केटबॉलमध्ये समोरच्या संघाने झोन लावला तर तुझ्या मुली काय करतील?” मी गप्प. झोन म्हणजे जागा वाटून केलेला बचाव एवढं ठाऊक होतं. पुढे? काहीतरी पासिंगबद्दल पुटपुटले. त्याने वहीत काय लिहिलं असेल ते मला आजही दिसतं. ती नोकरी गेली, आणि जायलाच हवी होती.

पुढच्या वेळी एकच खेळ सांगितला. प्रश्न आला, “पाच-एक खेळवतेस की सहा-दोन?” म्हणजे मारणाऱ्यांना चेंडू उचलून देणारी सेटर एकच ठेवतेस की दोन. हे मात्र आपल्या घरचं. मी सांगितलं, शाळेच्या मुली नव्या असतील तर सहा-दोन. त्यात सेटर कायम मागच्या रांगेतून येते, त्यामुळे पुढे तीन मारणाऱ्या मिळतात आणि दोन मुली सेटिंग शिकतात. एखादी सेटर खरंच हुशार निघाली तर दुसऱ्या वर्षी पाच-एक. मग ती पुढच्या रांगेत येते तेव्हा पुढे मारणाऱ्या दोनच उरतात, आणि ती कसर कशी भरायची ते शिकवावं लागतं. प्रश्न विचारणारा पुढे झुकून बसला. त्याला माझ्या ज्ञानाचं कौतुक नव्हतं. ही बाई खरंच कोर्टावर उभी राहिलेली आहे एवढीच खात्री त्याला करून घ्यायची होती.

डावपेचांपेक्षा जास्त वेळ मात्र माणसांच्या प्रश्नांना द्या. हमखास येणारे प्रश्न हे: तीस मुली निवड चाचणीला आल्या, जागा बारा, उरलेल्या अठरा जणींना कसं सांगाल? (यादी दारावर चिकटवून पळ काढणार नाही, प्रत्येकीशी दोन मिनिटं बोलेन, हे तरी म्हणा.) बाकावरच्या मुलीची आई मॅच संपल्यावर तावातावाने आली तर? तुमच्या सर्वात चांगल्या खेळाडूचा गणिताचा गृहपाठ तीन आठवडे आलेला नाही, आणि गणिताची शिक्षिकाही तुम्हीच. मग? या शेवटच्या प्रश्नावर आपल्याकडची माणसं फार कडक उत्तर देतात, ‘संघातून काढून टाकीन’. इथल्या बहुतेक शाळांत असा निर्णय प्रशिक्षकाने एकट्याने घ्यायचा नसतो. आधी मुलीशी, मग तिच्या समुपदेशकाशी बोलणं अपेक्षित असतं.

एक उलटी बाजूही आहे. तुम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला शिकवणार असाल तर विभागप्रमुखाच्या मनात शंका असते. स्पर्धा बहुधा गुरुवार ते शनिवार असतात. म्हणजे तुमच्या तासांना प्रॉक्सी लागणार. आयबीची परीक्षा मे महिन्यात, आणि तिसरा सीझन ऐन त्याआधी. म्हणून आपणहून म्हणा, “पहिला सीझन घेईन, तिसरा नको.” या वाक्याने कोचिंगची किंमत कमी होत नाही आणि विभागप्रमुखाचा जीव भांड्यात पडतो.

बायकांसाठी वेगळं सांगते. मुलींच्या संघासोबत मुक्कामाला जायला शाळांना बाई हवी असते, आणि कोचिंग करणाऱ्या बायका कमीच मिळतात. तुम्ही मध्यम दर्जाच्या खेळाडू असाल तरी सहायक प्रशिक्षक म्हणून तुमची फार गरज आहे. संकोचून हा मुद्दा गिळू नका. नवराबायको दोघं शिक्षक असाल आणि एकाने जरी संघ घेतला, तरी ते जोडप्याच्या एकत्रित अर्जात मोजलं जातं.

पायरी ८: मुलांची सुरक्षितता

२०१४ साली विल्यम वेही या अमेरिकन शिक्षकाने केलेले मुलांच्या लैंगिक शोषणाचे गुन्हे उघडकीला आले. चार दशकं तो देशोदेशीच्या इंटरनॅशनल स्कूल्समध्ये शिकवत होता आणि मुलांना मुक्कामी सहलींना नेत होता. त्याच वर्षी या शाळांच्या संघटनांनी बालसंरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय कृतिदल स्थापन केलं आणि भरतीची चाळणी बारीक झाली. मुक्कामी दौरे करणाऱ्या प्रशिक्षकाकडे शाळा आता दुप्पट निरखून बघतात, आणि ते योग्यच आहे.

तेव्हा प्रत्येक देशातल्या वास्तव्याचा पोलीस दाखला लागेल असं धरून चाला. भारतातला पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. नोकऱ्यांमधला प्रत्येक खंड समजावून सांगता आला पाहिजे. आणि असा प्रश्न येतोच: “दौऱ्यावर रात्री साडेअकराला एक मुलगी रडत तुमच्या खोलीच्या दारावर आली. काय कराल?” आपल्या मायेचं उत्तर, ‘आत घेईन, पाणी देईन, जवळ बसवेन’. इथे ते चुकतं. दार उघडं ठेवून कॉरिडॉरमध्ये किंवा लॉबीत बोलायचं, दुसऱ्या मोठ्या माणसाला लगेच बोलवायचं, त्याच रात्री शाळेला कळवायचं आणि लिहून ठेवायचं. तसंच मुलांशी खासगी व्हॉट्सॲप नाही आणि एकट्या मुलाला आपल्या गाडीतून सोडणं नाही. ‘आमच्याकडे बाई म्हणजे आईसारखी’ हे मनात असू द्या, मुलाखतीत नियम सांगा.

पायरी ९: सही करण्याआधी

विचारा: कोचिंग करारातच धरलंय की वेगळं मानधन आहे? अमेरिकन पद्धतीच्या शाळांत सीझनमागे मानधन देण्याची पद्धत बरीच आहे, ब्रिटिश शाळांत उपक्रम बहुधा पगारातच येतात. किती सीझन सक्तीचे? दौऱ्यानंतरच्या सोमवारी थोडी उसंत मिळते का? आपल्या पासपोर्टवर दौऱ्याच्या देशांचे व्हिसा लागतात. ते काढणार कोण आणि पैसे कोणाचे, हेही आत्ताच विचारा. लाजू नका, हे प्रश्न ऐकून कुणी नोकरी नाकारत नाही.

व्हॉलिबॉल पहिल्या सीझनला असेल तर निवड चाचण्या शाळा सुरू होताच लागतात. तुमचं घर लागलेलं नसतं, बँकेचं खातं उघडलेलं नसतं, आणि चाळीस मुली कोर्टावर उभ्या असतात. म्हणून बूट आणि शिट्टी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनला द्यायच्या बॅगेत नको. माझी मोठी बॅग चार दिवस उशिरा आली होती. पहिली निवड चाचणी मी घरातल्या चपलांवर, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत घेतली.